खणाची कुरकुर आणि वंगणाचा हिशेब

संशोधकाने साधने जपायची असतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक साधन खराब झाले, आणि तेही माझ्याच घरात, शिवणयंत्राच्या तेलाने.

झाले ते असे. आमच्याकडे आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने सागवानी टेबल आहे. त्याला उजव्या बाजूला एकाखाली एक असे दोन खण. मुले ड्रॉवर म्हणतात, आई अजून खणच म्हणते. दोन तुळयांमधली जागा तो घराचा खण, चोळीच्या कापडाचा तुकडा तो खण आणि टेबलाचा हा कप्पाही खणच. वरचा खण ओढला की कुरकुरायचा, आणि पावसाळ्यात तर ओरडायचाच. मी रात्री वाचत-लिहीत बसतो. आईची झोप सावध. खण उघडला की आतल्या खोलीतून विचारणा होई, ‘‘काय शोधतोयस रे एवढ्या रात्री?’’ एका रात्री मी वैतागून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेतली आणि खणाच्या दोन्ही कडांवर मोकळ्या हाताने तेल सोडले. आठ दिवस आवाज बंद झाला. पंधराव्या दिवशी खण असा बसला की हलेना. जोर लावून ओढला तेव्हा कळले, की तेल फळीवरून ओघळून खालच्या खणात उतरले होते. तिथे माझ्या आजोबांची गाडीची वही होती.

आजोबा बैलगाडीने गुळाच्या ढेपा पेठेत पोचवायचे. त्या भाड्याचा आणि गाडीवरच्या खर्चाचा हिशेब ते मोडीत लिहून ठेवत. बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. एका बँकेत कारकुनी करता करता मी मोडी शिकलो, ती या वहीसाठी. कुठल्याही दप्तरखान्यात तिला जागा मिळणार नाही, कारण तिच्यात ना सनदा आहेत ना लढाया. पण मी गेली काही वर्षे गाडीवाटांवर टिपणे काढतो आहे आणि त्यासाठी ती मला पोथीसारखी होती. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो. पानाच्या पुढची आणि मागची अक्षरे एकमेकांत मिसळतात, मग ना हे वाचता येते ना ते. वहीच्या शेवटच्या काही पानांचे तसे झाले.

मिस्त्रींची मेणबत्ती

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सुतारांना बोलावले. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी खण बाहेर काढला, उलटा केला, बोट फिरवून वास घेतला आणि विचारले, ‘‘तेल कुणी घातलं?’’

मी म्हणालो, ‘‘मीच.’’

‘‘साहेब, लोखंडाला तेल, लाकडाला मेण. तेल लाकूड पिऊन टाकतं. वर राहतो तो चिकटा. त्याच्यावर धूळ बसली की झाली खळ.’’

मला वाटले होते, आता रंधा निघणार. पण त्यांनी रंध्याला हात लावला नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, ते रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीला जवळजवळ नाही. आत्ता रंधा मारून खण मोकळा केला, तर थंडीत लाकूड आकसल्यावर तो खुळखुळायला लागेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी खण दोन दिवस सावलीत उभा करून ठेवला. मग कोरड्या फडक्याने चिकटा पुसला आणि खणाच्या बाजूच्या फळ्या उजेडात तिरप्या धरून मला दाखवल्या. सगळी फळी घासलेली नव्हती. तीन-चार ठिकाणीच चकाकी होती. ‘‘हा इथंच बोलतो,’’ ते म्हणाले. तेवढ्याच जागांवर त्यांनी बारीक पॉलिश पेपर फिरवला, देवघरातला मेणबत्तीचा तुकडा मागून घेतला आणि फळीच्या कडांवर व टेबलाच्या आतल्या पट्ट्यांवर घासला. खण बसवला आणि एका बोटाने ढकलला. तो आवाज न करता आत गेला.

जाताना एक सांगून गेले, ‘‘एका बाजूची मूठ धरून ओढू नका. तिरका झाला की अडतो. मध्ये धरा.’’

अर्ध्या तासाचे काम होते. पण त्यांच्या दोन वाक्यांनी मला वर्षभर कामाला लावले. लाकडाला तेल नको आणि मेण हवे, हे कुणी, कधी शोधले? आणि तीन-चार ठिकाणी घासणारा खण ‘बोलतो’ म्हणजे नेमके काय करतो?

अडणे आणि सुटणे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत मिळते. खण ओढताना तो सलग सरकत नाही. क्षणभर अडतो. आपला हात ओढत राहतो, फळी किंचित ताणली जाते, मग अडलेली जागा एकदम सुटते आणि खण पुढे उडी घेतो. लगेच पुन्हा अडतो. हे अडणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा झाले, की फळ्या थरथरतात, आणि ती थरथर आपल्या कानाला कुरकुर म्हणून ऐकू येते. असे होण्याचे कारण, थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो तेवढा ती हलल्यावर लागत नाही. या दोन जोरांत जितका फरक, तितकी कुरकुर अधिक. मेणाचा पातळ थर हा फरकच कमी करतो.

घर्षणाचा इतिहास सांगणारे लिओनार्दो द विंचीपासून सुरुवात करतात. १४९० नंतरच्या दशकात त्याने आपल्या टिपणवह्यांत ठोकळे, दोऱ्या आणि वजने यांची चित्रे काढून घर्षणाचे नियम लिहिले. पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत आणि नियम तिथेच राहिले. ते पुन्हा मांडले गियोम आमोंताँ या फ्रेंच माणसाने, १६९९ साली, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे. तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड यांचे पृष्ठभाग डुकराच्या जुन्या चरबीने माखून त्याने प्रयोग केले होते. निष्कर्ष दोन: घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि टेकलेली जागा मोठी की लहान यावर ते अवलंबून नसते. दुसऱ्या निष्कर्षावर अकादमीतल्या विद्वानांचा विश्वास बसेना. तेव्हा ला हीर या सदस्याने स्वतः प्रयोग करून पाहिले आणि आमोंताँ बरोबर निघाला.

या आमोंताँविषयी वाचताना मी दोन ठिकाणी थबकलो. तो कुठल्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. आणि तरुणपणापासूनच त्याला ऐकू येत नव्हते. घर्षणाचा नियम मांडणाऱ्या माणसाच्या कानावर करकर पडत नव्हती.

मला आप्पांची आठवण झाली. शेवटची दहा वर्षे त्यांना ऐकू येणे जवळपास बंद झाले होते. हा खण आवाज करतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. पण ते खण हळूहळू ओढत, मध्येच थांबत आणि म्हणत, ‘‘थरथरतोय रे हा.’’ आम्ही हसायचो. थरथरतो कसला, बोंबलतो आहे! आता कळते की ते अचूक बोलत होते. आवाज ही नंतरची गोष्ट, मूळ गोष्ट थरथर. ती त्यांच्या बोटांना कळत होती आणि आमच्या कानांनी आम्हाला चकवले होते.

आमोंताँनंतर ऐंशी वर्षांनी शार्ल-ऑगस्तँ द कुलोम आला. विद्युतभाराच्या एककाला ज्याचे नाव दिले आहे तोच हा. पेशाने लष्करी अभियंता. रोशफोर येथील जहाजगोदीत त्याने लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, कोरडे आणि चरबी लावलेले, अशा जोड्या मोठमोठी वजने ठेवून ओढून पाहिल्या. त्यासाठी १७८१ साली त्याला अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १७८५ साली तो प्रबंध छापला गेला. त्याची एक नोंद आपल्या खणाला थेट लागू पडते. दोन लाकडे एकमेकांवर जितका वेळ स्वस्थ पडून राहतील, तितका त्यांना हलवायला अधिक जोर लागतो. वर्षभर न उघडलेला खण पहिल्याच ओढीला सगळ्यात मोठ्याने का ओरडतो, याचे हे एक कारण.

आणि मिस्त्रींनी दाखवलेली चकाकी? विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दाखवून दिले, की दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. खरा स्पर्श फार थोड्या जागेत होतो, आणि वजन वाढले की तेवढ्या प्रमाणात तो वाढतो. आमोंताँचा कोड्यात टाकणारा निष्कर्ष त्यामुळे उलगडला. बाउडन आणि लेबेन यांनी १९३९ साली या अडत-सुटत सरकण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९६६ साली ब्रिटनमधल्या एका सरकारी अहवालामुळे या सगळ्या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘ट्रायबॉस’ म्हणजे घासणे. यंत्रांच्या घासण्याकडे आणि वंगणाकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

राळ आणि मेण

या इतिहासात एक पान आपल्याकडचेही आहे. ते यंत्रशाळेतले नाही, व्हायोलिनचे आहे.

चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला लागले आणि कलकत्त्याला गेले. तिथे बहुबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानसंस्था होती. रामन कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन प्रयोग करत. नोकरी करून इतिहासात डोके घालणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील किती धीर देतो, ते सांगायला नको. दहा वर्षे त्यांनी असे काढली. १९१७ साली ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकाशाच्या विकिरणावरचे नोबेल १९३० सालचे. त्याच्या कितीतरी आधी ते तारवाद्यांच्या मागे लागले होते. गजाने छेडलेली तार कशी कंप पावते, यावरचा त्यांचा प्रबंध संस्थेने १९१८ साली प्रसिद्ध केला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात त्या तारेची चाल पाहिली होती. गज तारेला धरून आपल्याबरोबर नेतो, ताण वाढला की तार निसटून उलटी पळते आणि गज तिला पुन्हा पकडतो. म्हणजे अडणे आणि सुटणे. रामन यांनी याचे गणित पुढे नेले, आणि मग यंत्राने वाजणारे व्हायोलिन बनवून गज किती दाबला, किती वेगाने फिरला आणि घोडीपासून किती अंतरावर टेकला की सूर टिकतो, हे मोजून काढले.

म्हणजे माझा खण आणि व्हायोलिन एकच काम करतात. फरक इतकाच, की व्हायोलिनची तार ठरलेल्या लांबीची आणि ठरलेल्या ताणाची असल्यामुळे तिचे अडणे-सुटणे तालात बसते. खणाच्या फळ्यांना असा काही नियम नाही, म्हणून तिथे सूर निघत नाही, कुरकुर निघते. आणि औषधेही एकमेकांच्या उलट. सारंगीवाला गजाला राळ घासतो, ती धरणे आणि सोडणे यांतला फरक वाढवण्यासाठी. सुतार फळीला मेण घासतो, तो फरक मिटवण्यासाठी. राळ आणि मेण, दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

वहीत काय नव्हते

पण माझा पहिला प्रश्न तसाच होता. हे सगळे विद्वान मोजायला बसण्याच्या आधी, वंगणाची माहिती कुठे लिहून ठेवली होती?

मी वहीकडे वळलो. जुन्या पुस्तकांचे काम करणाऱ्या एका स्नेह्याने सांगितल्याप्रमाणे तेलकट पानांच्या दोन्ही अंगांना शंखजिऱ्याची पूड पसरली, वर टीपकागद आणि वजन ठेवले. पूड तेल ओढून घेते. रोज जुनी पूड झटकायची आणि नवी घालायची. महिनाभर हे केले. काही पाने वाचण्याजोगी झाली, दोन पाने मात्र गेली ती गेलीच.

वाचलेल्या पानांत बैलांच्या पायातल्या पत्र्यांचा खर्च आहे, कासरे आहेत, धावा बसवल्याची मजुरी आहे, घुंगरांची माळ आहे. आणि दर थोड्या दिवसांनी एक शब्द येतो: वंगण. कधी नुसते ‘एरंडेल’. एवढेच. ते कसे करायचे, किती घालायचे, कधी घालायचे, यावर अक्षर नाही. मी लहान असताना गावी वंगण पाहिले आहे. एरंडेलात गवताची काळी राख कालवलेला तो चिकट लगदा बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीला टांगलेला असे. चढणीच्या आधी चाक किंचित सरकवून आसाला काठीने वंगण चोपडायचे. आजोबांनी हे लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. ज्याला गाडी होती त्याला ते ठाऊक होते.

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि या लेखात सांगायची आहे ती हीच. जे सर्वांना माहीत असते त्याची नोंद कुणी करत नाही. ते शोधायचे तर हिशेबात किंवा शास्त्रग्रंथाच्या सूत्रांत सापडणार नाही. ते उपमांत सापडेल. कारण उपमा देणारा नेहमी ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचा आधार घेतो.

आणि तसे ते सापडले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगताना अंगाला तेल लावण्याचे महत्त्व येते. ते पटवण्यासाठी ग्रंथकार तीन दाखले देतो. तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. हे जसे बळकट होतात आणि ताण सोसतात, तसे अभ्यंगाने शरीर होते, असे तो म्हणतो. नीट पाहा. आज आपण गाडीच्या वंगणाची गोष्ट समजावताना अंगाच्या तेलाचा दाखला देऊ. चरकाच्या श्रोत्यांना आस आधी कळत होता आणि अभ्यंग समजावून सांगावा लागत होता.

पाली संयुत्तनिकायातही हाच आस आहे. भिक्षूने चवीसाठी किंवा अंगावर मांस चढावे म्हणून जेवू नये. ओझे पार पोचावे एवढ्यासाठी गाडीवान जसा आस माखतो तसे जेवावे. तिथे आस माखण्यासाठी आलेले क्रियापद आपल्या ‘अभ्यंगा’च्याच धातूचे आहे. माणसाच्या अंगाला आणि गाडीच्या आसाला एकच शब्द पुरत होता.

चित्रातही असे पुरावे दडलेले असतात. इजिप्तमध्ये देर अल-बर्शा येथे जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक प्रसिद्ध चित्र होते. घसरगाडीवर ठेवलेला प्रचंड पुतळा माणसांच्या रांगा ओढत आहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक जण गाडीपुढे भांड्यातून पाणी ओततो आहे. काही अभ्यासकांनी तो धार्मिक विधी मानला होता. २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. काम करणारा माणूस समोर दिसत असून विद्वानांना पुजारी दिसला.

आता इथे एक मोह होतो. आपल्याकडे सगळे आधीच होते, असे म्हणण्याचा. तो मी आवरतो. चरकाच्या उपमेवरून आसाला वंगण घालणे घरोघरी ठाऊक होते एवढेच सिद्ध होते. किती वजनाला किती जोर लागतो, हे मोजायला आमोंताँ आणि कुलोम यावे लागले. मिस्त्रींना मेण ठाऊक आहे, अडणे-सुटण्याचे गणित नाही. रामन यांना गणित ठाऊक होते. त्यांनी माझा खण दुरुस्त केला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. हे दोन प्रकारचे जाणणे आहे. त्यांतल्या एकाची चरित्रे लिहिली गेली आणि दुसऱ्याच्या वाट्याला वहीतला एक शब्द आला. माझी तक्रार असेल तर ती एवढ्या वाटणीपुरती आहे. आणि त्या एका शब्दाची दोन पाने मी स्वतः तेलात बुडवली, हेही मला इथे लिहून ठेवले पाहिजे.

मार्गशीर्षात मिस्त्री पुन्हा येऊन गेले. लाकूड आकसले होते आणि खण नीट चालत होता. ‘‘बघा, रंधा मारला असता तर?’’ एवढेच म्हणाले. पैसे घेईनात. मी आग्रह केला तेव्हा चहा घेतला. मी त्यांना विचारले, मेणाचे तुम्हाला कुणी शिकवले? त्यांनी जरा आठवून पाहिले. ‘‘शिकवलं असं कुणी नाही. म्हातारं लावायचं, ते बघितलं.’’ म्हातारं म्हणजे त्यांचे वडील.

या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी दोन्ही खण बाहेर काढले, कडा पुसल्या, चकाकी आली आहे का ते उजेडात पाहिले आणि नव्याने मेण घासले. वही आता खणात नाही, कापडात बांधून कपाटात ठेवली आहे. तिच्यात एक कोरा कागद घालून ठेवला. त्यावर वंगण कसे करायचे, ते मला आठवते तेवढे लिहिले: एरंडेल, काळी राख, बांबूचे नळकांडे, चढणीच्या आधी. राखेचे प्रमाण आठवेना म्हणून आईला विचारले.

‘‘त्याला कसलं प्रमाण?’’ आई म्हणाली. ‘‘बोटाला लागलं पाहिजे आणि ओघळलं नाही पाहिजे.’’

तेही लिहिले.